आधी यादी, मग तारीख

अमेरिकेत मास्टर्स किंवा पीएच.डी.साठी अर्ज करायला निघालेल्या मुलामुलींमध्ये गेली काही वर्षं एकच वाद पुन्हा पुन्हा रंगतो. जीआरई, म्हणजे तिकडच्या पदव्युत्तर प्रवेशासाठीची सामायिक परीक्षा, द्यावी की देऊ नये? एक गट म्हणतो, आता कुणी स्कोर विचारत नाही, उगाच चार महिने कशाला घालवता? दुसरा म्हणतो, विचारत नाहीत असं वरवर लिहितात, प्रत्यक्षात स्कोर असलेल्यालाच घेतात. दोघांकडेही उदाहरणं तयार असतात. कुणाचा मित्र स्कोरशिवाय चांगल्या ठिकाणी लागलेला असतो, कुणाची बहीण स्कोर असल्यामुळेच लागल्याची घरच्यांची खात्री असते. या सगळ्या वादात जो प्रश्न पहिला यायला हवा तो येतच नाही: अर्ज कुठल्या विभागात करायचा आहे? तो माहीत नसताना परीक्षेबद्दल दिलेलं कुठलंही उत्तर हवेतलंच असणार. माझं मत स्पष्ट आहे. आधी विभागांची यादी, मग परीक्षा द्यायची की नाही याचा निर्णय, आणि त्यानंतर परीक्षेची तारीख, हाच क्रम योग्य आहे. हा क्रम विद्यार्थ्याला पाळता येईल अशी व्यवस्था ठेवणं हे विद्यापीठांचं काम आहे आणि आज ती ते करत नाहीत. ‘स्कोर हवा तर द्या’ असं सांगणं विभागांनी बंद करावं. एकतर स्कोर सक्तीनं मागावा, नाहीतर आम्ही तो पाहणारच नाही असं लिहून मोकळं व्हावं.

आज बहुतेक ठिकाणी क्रम याच्या बरोबर उलटा चालतो. तिसऱ्या वर्षाची परीक्षा संपली की क्लास लावायचा, क्लासवाले सांगतील ती तारीख बुक करायची, स्कोर आला की तो कुणा जाणकारापुढे ठेवायचा आणि त्यानं ‘सेफ’, ‘मॉडरेट’, ‘ॲम्बिशस’ अशा तीन रकान्यांत दहा-बारा नावं लिहून द्यायची. विद्यापीठ निवडण्याचं काम त्या एका आकड्यावर सोपवलेलं असतं. हा क्रम मूर्खपणातून आलेला नाही, हे आधी मान्य करायला हवं. १९३६ मध्ये हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि कोलंबिया या चार विद्यापीठांनी कार्नेगी फाउंडेशनच्या मदतीनं ही परीक्षा प्रयोग म्हणून सुरू केली. १९४७ मध्ये ईटीएस ही संस्था स्थापन झाल्यावर परीक्षा तिच्याकडे गेली आणि पुढची अनेक दशकं अमेरिकेतल्या बहुसंख्य विभागांनी ती मागितली. जी गोष्ट जवळपास सगळीकडे लागणारच आहे ती आधी उरकून टाकावी, यात गैर काय होतं? पण ती परिस्थिती आता राहिलेली नाही. २०१४ मध्ये ‘नेचर’मध्ये केसी मिलर आणि कीवन स्टॅसन यांनी या परीक्षेवर कडक टीका केली, त्यानंतरच्या काही वर्षांत जीवशास्त्राच्या अनेक विभागांनी ती सोडली आणि २०२० मध्ये साथीमुळे परीक्षा केंद्रंच बंद पडल्यावर उरलेल्यांपैकीही कित्येकांनी ती बाजूला ठेवली. आज एकाच विद्यापीठातल्या शेजारशेजारच्या दोन इमारतींमध्ये दोन वेगळे नियम असू शकतात. एका ठिकाणी स्कोर सक्तीचा असतो आणि पलीकडच्या विभागात पाठवला तरी उघडला जात नाही. परिस्थिती बदलली, पण आपल्याकडचा क्रम जुनाच राहिला.

या क्रमानं नेमकं काय बिघडतं ते कॅलेंडर समोर ठेवलं की दिसतं. बऱ्याच पीएच.डी. कार्यक्रमांची मुदत डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात असते. समजा ती १ डिसेंबर आहे. जीआरईचा अधिकृत स्कोर यायला साधारण ८ ते १० दिवस लागतात. तेव्हा धोका न पत्करता द्यायची शेवटची परीक्षा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापलीकडे जाऊ नये. पहिला प्रयत्न फसला तर दुसऱ्यासाठी किमान २१ दिवस थांबावं लागतं, म्हणजे पहिला प्रयत्न फार तर ऑक्टोबरच्या सुरुवातीला. पण ऑक्टोबर-नोव्हेंबर हेच तर एसओपी, म्हणजे अर्जासोबतचं उद्देशपत्र, लिहिण्याचे आणि तीन प्राध्यापकांकडून शिफारसपत्रं मिळवण्याचे महिने. ते मोकळे ठेवायचे तर परीक्षा ऑगस्टमध्ये आटोपायला हवी आणि तयारी त्याच्या तीन-चार महिने आधी सुरू व्हायला हवी. आता हेच गणित मुदत १५ मार्च असलेल्या मास्टर्सच्या कार्यक्रमासाठी मांडून पाहा, सगळं काही साडेतीन महिन्यांनी पुढे सरकतं. भौतिकशास्त्र किंवा गणिताची विषयवार परीक्षा मागणारा एखादा विभाग यादीत असेल तर गणित आणखी बदलतं, कारण ती परीक्षा रोज होत नाही. ती सप्टेंबर, ऑक्टोबर आणि एप्रिल अशा मोजक्याच वेळी होते. नोव्हेंबरमध्ये यादी करायला बसलेल्या मुलाला तेव्हा कळतं की हव्या त्या विभागाला लागणारी परीक्षा होऊन गेली. मग वरातीमागून घोडे नाचवण्यात काय अर्थ? योग्य तारीख यादीतूनच निघते. यादी नसेल तर तारीख म्हणजे नुसता अंदाज.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप असा की, स्कोर हातात नसताना यादी करायची कशाच्या बळावर? आपण कुठे बसतो हे कळल्याशिवाय नावं लिहिली तर एकतर सगळी आवाक्याबाहेरची लिहिली जातील, नाहीतर भीतीपोटी सगळी सोपी. या आक्षेपात तथ्य आहे. ज्या मुलांना कुणी सांगणारं नाही, ज्यांच्या कॉलेजातून आधी कुणी गेलेलं नाही, त्यांच्यासाठी स्कोर हा आधार असतो हेही खरं. पण त्या आधारानं नेमकं काय कळतं? जीआरईच्या गणिताच्या भागात अभियांत्रिकीच्या अर्जदारांचे स्कोर वरच्या टोकाला इतके दाटलेले असतात की १६६ आणि १६९ मधल्या फरकावरून प्रवेश समितीला जवळजवळ काहीच ठरवता येत नाही. आपल्या यादीत मात्र त्याच फरकावरून एक विद्यापीठ ‘मॉडरेट’मधून ‘सेफ’मध्ये जातं. समितीचा निर्णय ज्यावर खरोखर होतो त्या गोष्टी अर्जदाराला परीक्षेच्या आधीच माहीत असतात: पदवीचे गुण, कुठले विषय घेतले, प्रकल्पात स्वतः काय केलं, शिफारस करणारा प्राध्यापक त्याला किती ओळखतो आणि त्याला नेमकं काय शिकायचं आहे. यादीचा पहिला मसुदा यावरून करता येतो आणि तसाच तो करावा. स्कोर आल्यावर त्यातली दोन नावं काढली आणि दोन घातली, तर माझी हरकत नाही. मसुद्याला शाई वाळण्याची घाई नसते.

पुढचा मुद्दा यादी कशी करायची याचा. इथे मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण सगळा घोळ इथेच होतो. बहुतेक याद्या क्रमवारीच्या तक्त्यावरून उतरवलेल्या असतात. तो तक्ता काय मोजतो हे पाहायची तसदी क्वचितच कुणी घेतं. क्यूएस या संस्थेच्या जागतिक विद्यापीठ क्रमवारीत २०२४च्या आवृत्तीपासून ३० टक्के वजन जगभरातल्या प्राध्यापकांच्या मताला आहे आणि १५ टक्के नोकरी देणाऱ्यांच्या मताला. यूएस न्यूजची विज्ञान विषयांतल्या पीएच.डी. कार्यक्रमांची क्रमवारी तर सर्वस्वी समव्यावसायिकांच्या सर्वेक्षणावर आधारलेली असते. म्हणजे मोजलं जातं ते मुख्यतः नाव, आणि नाव संपूर्ण संस्थेचं असतं. अर्जदाराला मात्र पाच वर्षं काढायची असतात एका विभागात, एका प्रयोगशाळेत, एका माणसाच्या हाताखाली. त्यासाठी क्रमवारीचा तक्ता मिटवून विभागाचं पान उघडावं लागतं. ज्या प्राध्यापकाचं नाव एसओपीत लिहायचं आहे त्याच्या यादीतला शेवटचा शोधनिबंध किती सालचा आहे? तो पाच-सहा वर्षांपूर्वीचा असेल तर ते गृहस्थ बहुधा प्रशासनात गेलेत किंवा निवृत्तीच्या वाटेवर आहेत. प्रयोगशाळेतल्या विद्यार्थ्यांपैकी शेवटचा कधी रुजू झाला? गेल्या दोन वर्षांत कुणीच नवीन दिसत नसेल तर पैसे संपलेले असण्याची शक्यता आहे. पदवी घेऊन बाहेर पडलेले कुठे गेले, मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना टीएशिप (शिकवायला मदत करण्याचं पगारी काम) मिळते की ती फक्त पीएच.डी.वाल्यांसाठी राखलेली असते, प्रबंध लिहायचा पर्याय आहे की फक्त कोर्सवर्क? ही माहिती गुप्त नसते. एका विभागासाठी दीड-दोन तास बसलं की यातलं बरंच हाती लागतं. बारा विभागांसाठी तीन-चार सुट्टीचे दिवस. परीक्षेसाठी शेकडो तास अभ्यास करणारे याला मात्र वेळ नाही म्हणतात, आणि हे पाहून मला खरंच वाईट वाटतं. पुढची पाच वर्षं ज्यावर अवलंबून आहेत तेच काम सगळ्यात घाईनं उरकलं जातं.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे. जीआरईचा स्कोर ५ वर्षं चालतो आणि सप्टेंबर २०२३ पासून परीक्षाही जेमतेम दोन तासांची झाली आहे. मग आधी देऊन टाकायला काय हरकत आहे? नंतर लागलीच तर हाताशी आहे. ज्याचं गणित पक्कं आहे, वाचन चांगलं आहे आणि ज्याला फीचा भार जाणवत नाही त्याच्यापुरता हा सल्ला ठीक आहे. पण परीक्षा छोटी झाली म्हणून तयारी छोटी झालेली नाही, शब्दांच्या याद्या तेवढ्याच आहेत. शिवाय टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचा स्कोर दोनच वर्षं चालतो. ‘एकदाचं उरकून टाकू’ म्हणून दोन्ही परीक्षा एका महिन्यात दिलेला मुलगा मध्ये दोन वर्षं नोकरी करून अर्ज करायला बसला, तर जीआरई जिवंत असते आणि टोफेल पुन्हा द्यावी लागते. सगळ्यात मोठी किंमत आकड्यात दिसत नाही. तिसऱ्या वर्षानंतरची ती उन्हाळी सुट्टी एखाद्या प्राध्यापकाच्या हाताखाली काम करण्यात गेली असती, तर एक खरं शिफारसपत्र मिळालं असतं. ज्या विभागांनी स्कोर पाहायचा नाही असं ठरवलंय, तिथे अर्ज करणाऱ्यानं त्या सुट्टीत शब्द पाठ केले असतील तर त्यानं काय कमावलं?

इथपर्यंत मी विद्यार्थ्यालाच सांगत आलो. पण सगळा दोष त्याच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. यादी आधी केली, प्रत्येक विभागाचं पान वाचलं, तरी निम्म्या ठिकाणी साधारण एकच वाक्य सापडतं: स्कोर आवश्यक नाही, पण पाठवायचा असल्यास पाठवू शकता. आता त्यानं काय करायचं? अर्जातला तो रकाना रिकामा सोडला तर समिती त्याचा काय अर्थ लावेल हे कुठेच लिहिलेलं नसतं. परीक्षा सक्तीची राहिली नाही तेव्हा अनेकांना सुंठीवाचून खोकला गेल्यासारखं वाटलं. प्रत्यक्षात परीक्षेचं ओझं तसंच राहिलं आणि त्यात संशयाची भर पडली.

परीक्षा हवी म्हणणाऱ्यांचं आणि नको म्हणणाऱ्यांचं, दोघांचंही म्हणणं मला गंभीरपणे घ्यावंसं वाटतं. हवी म्हणणारे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कन्सेल, हेझलेट आणि वन्स यांच्या मोठ्या एकत्रित अभ्यासाकडे बोट दाखवतात. त्यात स्कोर आणि पदव्युत्तर अभ्यासातले गुण यांचा संबंध स्पष्ट दिसला होता. नको म्हणणारे २०१७ मध्ये ‘प्लॉस वन’मध्ये आलेल्या जैववैद्यकीय पीएच.डी.च्या दोन अभ्यासांकडे बोट दाखवतात. संशोधनातल्या कामगिरीचा अंदाज स्कोरवरून येत नाही, असं त्यांत दिसलं. पहिल्या बाजूचं यावर उत्तर असं की, कमी स्कोरवाल्यांना तुम्ही घेतलंच नाही, मग घेतलेल्यांमध्येच तुलना करून संबंध दिसणार कसा? हे उत्तर बिनतोड नसलं तरी उडवून लावण्यासारखंही नाही. याहून मोठा मुद्दा फारसं नाव नसलेल्या कॉलेजातल्या मुलीचा आहे. तिच्या कॉलेजचं नाव समितीतल्या एकानंही ऐकलेलं नाही, तिच्या प्राध्यापकांना तिथे कुणी ओळखत नाही. तिच्यासाठी स्कोर ही एकच गोष्ट अशी आहे की जी समितीला आपल्या मापानं वाचता येते. ती काढून घेतली तर ओळखीच्या कॉलेजांचं आणि ओळखीच्या शिफारसींचंच वजन वाढणार. म्हणून परीक्षा सरसकट बंद करा, असं मी म्हणत नाही. ज्या विभागाला तिचा उपयोग वाटतो त्यानं ती खुशाल मागावी. ज्याला वाटत नाही त्यानं ती बंद करावी. माझा विरोध आहे तो या दोहोंच्या मध्ये उभं राहण्याला.

मधल्या वाटेचा बचाव असा केला जातो की, तिच्यात स्वातंत्र्य आहे, ज्याला स्कोरचा फायदा होईल तो देईल, बाकीचे सोडतील. ऐकायला हे न्याय्य वाटतं. पण विचार करा. ज्यांचे स्कोर चांगले आहेत तेच पाठवतील, म्हणून पाठवलेल्या स्कोरांची सरासरी चढेल. ती सरासरी पाहून मधले स्कोर असलेले कचरतील आणि सरासरी आणखी चढेल. अशानं रिकाम्या रकान्याचा अर्थ दरवर्षी अधिकाधिक वाईट होत जातो, समितीनं तसं ठरवलेलं नसलं तरीही. ही केवळ कल्पना नाही. डार्टमथ या अमेरिकेतल्या नामांकित कॉलेजनं पदवीच्या प्रवेशासाठी एसएटी ही परीक्षा काही वर्षं ऐच्छिक ठेवली होती आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ती पुन्हा सक्तीची केली. त्यामागचं मुख्य कारण त्यांच्याच प्राध्यापकांच्या अभ्यासातून आलं होतं: गरीब घरांतल्या बऱ्याच मुलांनी असे स्कोर लपवले होते, जे पाठवले असते तर त्यांना फायदा झाला असता, कारण समिती स्कोर शाळेच्या परिस्थितीशी ताडून वाचत होती. समिती कसं वाचते हे मुलांना माहीत नव्हतं. पदवीचे आणि पदव्युत्तर प्रवेश सारखे नसतात हे मान्य. पण न सांगितलेल्या नियमाचा फटका कुणाला बसतो, हे दोन्हीकडे सारखंच आहे. ज्याचा मोठा भाऊ तिथे शिकतोय त्याला तो फोनवर सांगेल की अमुक विभाग स्कोर पाहतो आणि तमुक पाहत नाही. ज्याचं तिथे कुणी नाही तो सुरक्षित म्हणून परीक्षा देऊन बसेल, नाहीतर देणार नाही आणि मार्चपर्यंत झुरत राहील.

परीक्षेचा न्याय प्रश्नपत्रिकेत असतो तसा तो कधी, कुठे आणि कुणी द्यायची यांतही असतो, हे आपल्या इतिहासाला चांगलं ठाऊक आहे. १८५३च्या चार्टर ॲक्टनं इंडियन सिव्हिल सर्व्हिसची दारं स्पर्धापरीक्षेला खुली केली आणि १८५५ मध्ये पहिली परीक्षा झाली. प्रश्नपत्रिका सगळ्यांना एकच होती. पण परीक्षा फक्त लंडनमध्ये होती आणि वयाची मर्यादा घटत घटत १८७८ मध्ये १९ वर आली. कागदोपत्री कुणालाही मज्जाव नव्हता. तरी एकोणिसाव्या वर्षाच्या आत समुद्र ओलांडून, परक्या अभ्यासक्रमाची तयारी करून बसू शकणारे हिंदी तरुण किती असणार? सुरेंद्रनाथ बॅनर्जींनी वयाच्या अटीविरुद्ध देशभर दौरा केला. परीक्षा एकाच वेळी हिंदुस्थानातही घ्यावी, ही मागणी काँग्रेसनं १८८५च्या पहिल्याच अधिवेशनात केली, १८९३ मध्ये ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहानं तसा ठरावही केला आणि तरीही ती परीक्षा इथे व्हायला १९२२ साल उजाडलं. त्या लोकांनी परीक्षा रद्द करा असं म्हटलं नव्हतं. तिचे नियम दूरच्या माणसालाही सारखेच पेलता येतील असे करा, एवढंच त्यांचं मागणं होतं. आजच्या विद्यापीठांना साम्राज्याच्या रांगेत बसवण्याचा माझा हेतू नाही, त्यांच्या मनात कुणाला वगळायचं नाही हे मला मान्य आहे. पण हेतू स्वच्छ असला म्हणून दूरच्या माणसावर पडणारा भार कमी होत नाही.

शेवटचा आक्षेप विभागांकडून येतो. प्रत्येक विभाग स्वायत्त आहे, समित्या दरवर्षी बदलतात, सगळ्यांनी एकाच साच्यात बसावं असा आग्रह कसा धरणार? साचा एकच असावा असं कुणी म्हणत नाही. सक्ती की बंदी हे प्रत्येकानं स्वतः ठरवावं. सगळ्यांकडून हवं आहे ते एवढंच की, ठरवलेलं निःसंदिग्ध लिहावं आणि ते अर्जाच्या मुदतीच्या निदान बारा महिने आधी जाहीर करावं, म्हणजे ज्या मुलाला ऑगस्टमध्ये परीक्षा द्यायची आहे त्याला आदल्या वर्षीच्या डिसेंबरात ते कळेल. आज काही विभागांचा नियम अर्ज उघडतात त्या सप्टेंबरात बदलतो, आणि तोवर परीक्षा देऊन झालेली असते किंवा तयारीची वेळ टळून गेलेली असते. स्वायत्त विद्यापीठं एकत्र येऊन अर्जदारांच्या सोयीसाठी एक साधा नियम पाळू शकतात, याचं उदाहरण त्यांच्याच घरात आहे. कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या विद्यापीठांच्या संघटनेच्या ठरावानुसार शिष्यवृत्ती किंवा असिस्टंटशिपसह आलेल्या प्रस्तावाला १५ एप्रिलच्या आधी उत्तर देण्याची सक्ती विद्यार्थ्यावर करता येत नाही. शेकडो विद्यापीठांनी त्यावर सही केली आहे. त्याआधी घाईघाईत हो म्हणवून घेण्याची मुभा होती, ती त्यांनी आपणहून सोडली आणि कुणाची स्वायत्तता त्यामुळे बुडाली नाही. परीक्षेच्या नियमाबद्दल असाच ठराव करता येईल. अमेरिकेतल्या विभागांच्या प्रवेश समित्यांवर आज आपल्याकडून गेलेले कितीतरी प्राध्यापक बसतात, आणि हीच तारखांची कसरत करून ते तिथे पोहोचले आहेत. पुढच्या वर्षीचे प्रवेशाचे नियम त्यांच्या विभागाच्या बैठकीत चर्चेला येतील तेव्हा ‘पाठवायचा असल्यास पाठवा’ हे वाक्य काढायची सूचना त्यांनी मांडावी.